'कुठून' आणि 'काय': काँग्रेस रेडिओ, चिमूर आणि माझ्या विषयातला एक शब्द

या ब्लॉगवर सिनेमाचं परीक्षण सहसा येत नाही. इथे येतात अँटेनाची चित्रं, आलेख, आणि प्रगती अहवाल जवळ आला की माझी थोडी कुरकुर. पण 'दिशा कशी कळते' ही मागची पोस्ट टाकल्यापासून तुमच्यापैकी तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच विचारलं: तू रेडिओ सिग्नलचा उगम शोधण्यावर पीएचडी करतेस, तर 'ऐ वतन मेरे वतन'मध्ये दाखवलंय तसं १९४२ साली चोरटं रेडिओ केंद्र खरंच शोधता येत होतं का?

थोडक्यात उत्तर: मोहल्ल्यापर्यंत येत होतं, दारापर्यंत नाही. सविस्तर उत्तर द्यायचं तर सिनेमाशी थोडं भांडावं लागेल आणि माझ्या स्वतःच्या विषयाशीही.

आधी ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी. कन्नन अय्यर दिग्दर्शित हा चित्रपट मार्च २०२४ मध्ये प्राइम व्हिडिओवर आला. सारा अली खान उषा मेहतांच्या भूमिकेत, इमरान हाशमी राममनोहर लोहियांच्या. मूळ घटना खरी. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे काँग्रेसचे नेते पकडले गेले. चळवळीच्या बातम्या छापण्यावर बंधनं आली. मग ऑगस्टच्या अखेरीस मुंबईत काही तरुणांनी लघुलहरींवर स्वतःचं केंद्र सुरू केलं. त्यात उषा मेहता होत्या, वय २२. आपण ४२.३४ मीटरवर, 'भारतात कुठूनतरी' बोलतोय, एवढंच ते केंद्र स्वतःबद्दल सांगायचं. जागा बदलत बदलत ते सुमारे अडीच महिने चाललं. १२ नोव्हेंबर १९४२ ला धाड पडली.

सिनेमाने या गोष्टीचा पाठलागपट केलाय. पोलिसांची दिशाशोधक यंत्रं पुढे सरकतात, मुलं जागा बदलतात, वर्तुळ लहान होत जातं. बघताना मजा येते, नाही म्हणत नाही. शेवटी जीव खालीवर होतोच. पण सगळा ताण 'कुठून?' या एका प्रश्नावर टांगलेला आहे. त्या केंद्रावरून काय सांगितलं जात होतं, याला तेवढी जागा नाही. भाषणं आहेत, घोषणा आहेत. बातम्या कमी आहेत. माझा मुख्य आक्षेप इथे आहे. पण तो मांडण्याआधी भौतिकशास्त्र उरकून घेऊ.

घरात जुना ट्रान्झिस्टर असेल तर तो मध्यम लहरीवर लावा आणि आडवा धरून हळूहळू फिरवा. एका विशिष्ट कोनात आवाज बसतो. आत फेराइटची कांडी असते. ती केंद्राच्या दिशेने टोक करून आली की तिला सिग्नल जवळजवळ मिळत नाही. शेतात क्रिकेटची कॉमेंट्री ऐकणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग नकळत केलेला आहे. दिशाशोधक यंत्र म्हणजे तत्त्वतः हेच, फक्त कांडीच्या जागी तारेचं मोठं वेटोळं. आवाज जिथे बसतो ती रेषा नकाशावर ओढायची. दुसऱ्या ठिकाणी जाऊन दुसरी रेषा ओढायची. दोन रेषा छेदतात तिथे केंद्र.

कागदावर. प्रत्यक्षात शहरात विजेच्या तारा, ट्रामचे रूळ, लोखंडी गर्डरच्या इमारती, हे सगळं लहरींना वळवतं आणि परत फेकतं. समजा दिशेत फक्त ५ अंशांची चूक आहे. यंत्र १० किलोमीटरवर असेल तर ती चूक जमिनीवर दोन्ही बाजूंना साधारण ८७० मीटर होते. अशा दोन रेषा काटकोनात छेदल्या तर हातात येतो सुमारे ३ चौरस किलोमीटरचा चौकोन. मुंबईतले ३ चौरस किलोमीटर! यंत्र १ किलोमीटरवर आणलं तर चौकोनाची बाजू १७५ मीटर उरते. पण त्यासाठी कुठल्या एका किलोमीटरमध्ये यायचं ते आधी माहीत हवं, आणि केंद्र चालू असतानाच यायला हवं. ते दिवसातला थोडाच वेळ चालू असायचं.

लांबून ऐकून दिशा काढणं आणखी अवघड. ४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. या लहरी वर आयनांबरात जाऊन खाली वळतात, म्हणून तर शेकडो किलोमीटरवर ऐकू येतात. पण वरून आलेल्या लहरीला साधं वेटोळं फसतं. चुकीची दिशा दाखवतं. यावर इलाज म्हणून फ्रँक ॲडकॉक या इंग्रज अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात वेगळ्या रचनेची अँटेना शोधली. तिच्यामुळे सुधारणा झाली, तरी इतक्या लांबून शहर ओळखता येईल, घर नाही.

म्हणजे त्या मुलांना त्यांच्या शूरपणाइतकंच यंत्राच्या चुकीने वाचवलं. ३ चौरस किलोमीटरमध्ये हजारो बिऱ्हाडं. त्यातलं एक दाखवायला माणूस लागतो.

माणूस मिळाला. उषाताईंनी स्वतः पुढे मुलाखतींमध्ये सांगितलंय की केंद्राच्या तंत्रज्ञाकडून पोलिसांना जागा कळली. सिनेमावाल्यांना आणि भाषणं करणाऱ्यांना इथे फितूर हा शब्द फार आवडतो. मला तो वापरवत नाही. युद्धकाळातली पोलीस कोठडी, भारत संरक्षण नियम, वकील कधी भेटेल याचा पत्ता नाही. त्या खोलीत कोण किती टिकेल हे आपण घरी मोबाइलवर सिनेमा बघत ठरवू नये. उषाताई टिकल्या. महिनोन्‌महिने चौकशी, एकांतवास, परदेशी शिक्षणाचं आमिष, आणि त्या बोलल्या नाहीत. हे असामान्य आहे. असामान्य गोष्टीला सगळ्यांची मोजपट्टी करणं हाच सिनेमाचा दोष.

खटला विशेष न्यायालयात चालला. बाबूभाई खाकर यांना पाच वर्षं, उषा मेहतांना चार, चंद्रकांत झवेरींना एक. विठ्ठलभाई झवेरी आणि शिकागो रेडिओचे नानक मोटवानी सुटले. मोटवानींची कंपनी काँग्रेसच्या अधिवेशनांना लाऊडस्पीकर पुरवायची. ही नावं नीट बघा. यंत्रसामग्री पुरवणारा, पैशाची आणि जागेची व्यवस्था बघणारा, मजकूर आणणारा, जोडणी करणारा. जोखीम एका आवाजाभोवती एवढ्या माणसांत पसरलेली होती. सिनेमाने उषाबरोबर दोन काल्पनिक मित्र दिलेत, कौशिक आणि फहाद. पटकथेची गरज असेल. पण खरी यादी उपलब्ध असताना तिच्याकडे पाठ फिरवली की प्रेक्षकाला वाटतं, युद्धकाळात बातमी पोचवण्याचा धोका म्हणजे एका धाडसी मुलीचा धोका.

आता मुख्य आक्षेपाकडे.

१६ ऑगस्ट १९४२ ला तेव्हाच्या मध्य प्रांतात आष्टी (वर्धा जिल्हा) आणि चिमूर (चंद्रपूर जिल्हा) इथे मोर्चे निघाले, गोळीबार झाला, जमावाच्या हातून सरकारी माणसं मेली. हा भाग कुणी झाकत नाही, झाकूही नये. त्यानंतर चिमुरात सैन्य आणि पोलीस उतरले. पुरुष पकडले गेले किंवा पळाले, आणि मागे राहिलेल्या बायकांवर अत्याचार झाले. नागपूरच्या अनसूयाबाई काळे गावात जाऊन त्यांना भेटल्या, त्यांचं म्हणणं ऐकलं. आज आपण याला मानवी हक्कांची तथ्यशोधन मोहीम म्हणू. तेव्हा असलं नाव नव्हतं.

ही हकीकत वर्तमानपत्रांना मोकळेपणाने छापता येत नव्हती. ती ज्या थोड्या मार्गांनी बाहेर पडली त्यातला एक म्हणजे काँग्रेस रेडिओ. आष्टी-चिमूरचं सविस्तर वर्णन आपण दिलं, असं उषाताई सांगतात. त्याच दमात त्या चितगावच्या बॉम्बहल्ल्याची आणि जमशेदपूरच्या संपाचीही बातमी सांगतात.

या तीन बातम्या शेजारी शेजारी ठेवून बघा. जपान ब्रह्मदेशात येऊन बसलाय. चितगाव सीमेवर आहे. तिथे बॉम्ब पडले, किती नुकसान झालं, ही माहिती शत्रूला उपयोगाची असू शकते. विमानातून बॉम्ब टाकणाऱ्याला तो नेमका कुठे पडला हे हवंच असतं. इथे सरकारची बाजू मला समजते, स्वातंत्र्यलढ्याबद्दल कितीही आदर असला तरी. जमशेदपूर मधलं: पोलादाचा कारखाना बंद आहे हे शत्रूने ऐकणं आणि कामगार का बसलेत हे देशाने ऐकणं, दोन्ही एकाच वाक्यात. चिमूर मात्र सरळ आहे. आघाडीपासून शेकडो कोस दूरच्या गावात बायकांवर काय झालं, यात जपानच्या हवाईदलाला कामाचं काहीही नाही. तरी तिन्ही बातम्यांना एकच नियम, एकच कलम, एकच शिक्षा.

मी ज्याला 'कुठून' आणि 'काय' म्हणतेय ते हे. सिग्नलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात: तो कुठल्या जागेवरून आला, आणि त्यात काय मजकूर आहे. माझ्या प्रयोगशाळेत या दोन गोष्टी वेगवेगळ्या गणितांनी सुटतात. मजकूर एक अक्षर न समजता मी उगम शोधू शकते. युद्धकाळातलं सरकार म्हणतं, 'कुठे' सांगू नका, सैनिकांच्या जिवाला धोका आहे. रास्त. मग त्याच दारातून हळूच 'काय' पण आत ओढलं जातं.

भणसाळींची गोष्ट याचा अगदी स्वच्छ पुरावा आहे. गांधीजींच्या आश्रमातले प्राध्यापक जे. पी. भणसाळी यांनी चिमूरची चौकशी व्हावी म्हणून उपोषण केलं. ६३ दिवस. ते १२ जानेवारी १९४३ ला सुटलं. मागे मोजत गेलात तर पहिला दिवस येतो ११ नोव्हेंबर १९४२. काँग्रेस रेडिओवर धाड पडली ती १२ नोव्हेंबरला. म्हणजे एक माणूस चिमूरसाठी अन्न सोडतो, आणि दुसऱ्याच दिवशी चिमूरबद्दल बोलणारं केंद्र बंद होतं. हा योगायोगच, पण पुढचा भाग योगायोग नाही. सरकारने त्या उपोषणाची बातमी छापायला बंदी घातली. एक म्हातारा होत चाललेला माणूस जेवत नाही, यात सैन्याच्या हालचालीची कुठली माहिती? तेव्हा संपादकांनाही हे असह्य झालं. ६ जानेवारी १९४३ ला देशभरच्या कित्येक वर्तमानपत्रांनी एक दिवसाचा बंद पाळला, अंकच काढला नाही. उपोषण सुटलं तेव्हा ती बंदीही उठली.

अंक न काढून निषेध करणं. बातमीदारांकडे दुसरं काय होतं, म्हणा.

सिनेमात हे सगळं असायला हवं होतं असं माझं म्हणणं नाही. दोन-सव्वादोन तासांत किती मावणार. पण चिमूरला केंद्रस्थानी ठेवून तीच गोष्ट सांगितली असती तर पाठलागाला अर्थ आला असता. प्रेक्षकाला कळलं असतं की ती गाडी गल्लीत कशासाठी फिरतेय. नाहीतर ती नुसती लपाछपी. इथे उषा ठक्कर यांच्या काँग्रेस रेडिओवरच्या इंग्रजी पुस्तकाची (२०२१) शिफारस करते. त्या केंद्राचा मजकूर आज आपल्याला वाचता येतो तो मुख्यतः पोलिसांनी ऐकून टिपून ठेवला म्हणून. ज्यांना तो बंद करायचा होता त्यांनीच तो जपला. माझ्यासारख्या सिग्नलवाल्या माणसाला यात गंमत वाटते आणि थोडं अस्वस्थही व्हायला होतं.

नगरच्या वाचकांसाठी थोडा आडरस्ता. (जिल्हा आता कागदोपत्री अहिल्यानगर, तोंडात अजून नगर, दोन्ही चालवून घ्या.) ९ ऑगस्टला पकडलेल्या काँग्रेस कार्यकारिणीला आपल्या भुईकोट किल्ल्यात आणलं, १९४५ पर्यंत ठेवलं. शाळेच्या सहलीत आपल्याला नेहरूंची खोली दाखवतात आणि 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथे लिहिलं गेलं असं सांगतात. हे फारसं सांगत नाहीत की त्याच आवारात युद्धकाळातल्या पत्रकारितेची किंमत आधीच एकदा मोजून आलेला माणूस होता. मौलाना आझादांनी १९१२ मध्ये कलकत्त्यात 'अल-हिलाल' काढलं. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि १९१४ मध्ये ते बंद पडलं. मग 'अल-बलाग'. १९१६ मध्ये त्यांना बंगालबाहेर काढलं आणि पुढे रांचीला स्थानबद्ध केलं, ते युद्ध संपल्यानंतरही वर्षभर. दुसऱ्या युद्धात पुन्हा तेच, फक्त गाव नगर. इथे त्यांनी मित्राच्या नावे पत्रं लिहिली, जी टाकता येत नव्हती; ती १९४६ मध्ये 'गुबार-ए-खातिर' म्हणून छापली गेली. किल्ल्यात आलेल्यांना सुरुवातीचे काही आठवडे वर्तमानपत्रसुद्धा मिळत नव्हतं. आणि त्यांना कुठे ठेवलंय हे सरकार बाहेर सांगत नव्हतं. इथे 'कुठे' लपवलं होतं ते सरकारने.

याच गावचे अच्युतराव पटवर्धन तेव्हा उलट्या बाजूला होते: भूमिगत. चळवळीच्या भूमिगत नेतृत्वात लोहियांच्या बरोबरीचे. १९४६ पर्यंत पोलिसांच्या हाती लागले नाहीत. माझ्या विषयाच्या भाषेत सांगायचं तर जो स्रोत प्रक्षेपणच करत नाही त्याची दिशा काढता येत नाही. पण ते भाषेपुरतं. खरं कारण म्हणजे त्यांना जेवू-झोपू घालणारी घरं. त्यातल्या बहुतेकांची नावं कुठल्याच फलकावर नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, ऐंशी वर्षांपूर्वीचं काय घेऊन बसलीस. तर गणित परत काढू, या वेळी आजचं. मोबाइल कुठल्या टॉवरला जोडलाय एवढ्यावरून जागा काढली तर सावेडीसारख्या भागात काहीशे मीटरची चूक, अकोले तालुक्यातल्या डोंगरात काही किलोमीटरची. इथपर्यंत १९४२ चाच मामला. पण जीपीएस आणि वायफाय आलं की चूक ५-१० मीटरवर येते. चौकोनात हजारो बिऱ्हाडं होती तिथे एक उरतं. ज्या चुकीने ती मुलं अडीच महिने तगली ती चूक आम्ही लोकांनी, म्हणजे माझ्या क्षेत्राने, मेहनतीने काढून टाकली. रुग्णवाहिका वेळेवर पोचावी म्हणून, ट्रेकर हरवू नये म्हणून. आणि तेच तंत्र.

मेरी कोल्विन हे नाव तुम्ही ऐकलं असेल. 'संडे टाइम्स'ची युद्धवार्ताहर. २२ फेब्रुवारी २०१२ ला सीरियातल्या होम्स शहरात, तात्पुरत्या माध्यम केंद्रावर झालेल्या तोफमाऱ्यात ती आणि फ्रेंच छायाचित्रकार रेमी ओश्लिक मारले गेले. आदल्या रात्री ती तिथून वाहिन्यांवर बोलली होती. अमेरिकेतल्या न्यायालयाने २०१९ मध्ये सीरियाच्या सरकारला जबाबदार धरलं आणि ३० कोटी डॉलरहून जास्त भरपाई ठरवली. दाव्यात मांडलेला घटनाक्रम वाचताना मला १९४२ आठवलं: आधी सिग्नल पकडून परिसर कळला, मग खबऱ्याने घर पक्कं केलं. यंत्र आणि माणूस, त्याच क्रमाने. त्या हल्ल्यात कोल्विनचा सीरियन दुभाषा वाएल अल-ओमर जखमी झाला. त्याचं नाव किती जणांनी ऐकलंय?

मोजदादीतली ही जुनी खोट आहे. पत्रकारांच्या संरक्षणासाठीची न्यूयॉर्कची समिती, सीपीजे, दरवर्षी आकडे देते. २०२४ मध्ये जगभरात १२४ पत्रकार आणि माध्यम कर्मचारी मारले गेले, त्यातले निम्म्याहून बरेच जास्त इस्रायल-गाझा युद्धात. समिती दुभाषे, चालक, सुरक्षारक्षक यांना वेगळ्या रकान्यात का होईना मोजते, हे चांगलंच. पण ज्याने खोली दिली, जिने साक्ष दिली, तिचा रकाना नाही. चिमूरच्या बायका कुठल्या यादीत बसतील? त्या पत्रकार नाहीत, कार्यकर्त्या नाहीत. बातमी मात्र त्यांचीच होती.

इथे माझं स्वतःचं 'कुठून'चं कौतुक गळून पडतं. उषा मेहतांना जागा बदलता येत होती. कोल्विनला, वाचली असती तर, परत जायला लंडन होतं. चिमूरच्या बायकांचा पत्ता सगळ्यांनाच माहीत होता, कारण ते त्यांचं घर होतं. गाझातल्या बातमीदारांचंही बव्हंशी तेच: बाहेरच्या पत्रकारांना स्वतंत्रपणे आत सोडलं जात नाही, म्हणून बातमी देणारे सगळे तिथलेच, आणि ते राहतातही तिथेच. ज्याचा पत्ता शोधावाच लागत नाही त्याच्यासाठी लोकेशन बंद ठेवा, फोन बदला, या सल्ल्यांचा काय उपयोग? पत्रकारांच्या डिजिटल सुरक्षेवरचे जे शोधनिबंध मी वाचते त्यांतले बरेचसे गृहीत धरून चालतात की धोक्यातला माणूस बाहेरून आलेला आहे आणि कधीतरी परत जाणार आहे. हे गृहीतक कुणी शब्दांत मांडत नाही, त्यामुळे त्यावर प्रश्नही येत नाही.

कायद्याकडे पाहिलं तर १९७७ च्या जिनिव्हा जादा मसुद्यातलं कलम ७९ सांगतं की युद्धक्षेत्रातला पत्रकार हा नागरिक समजावा. भारताने त्या मसुद्याला मान्यता दिलेली नाही. सुरक्षा परिषदेच्या २०१५ च्या ठराव २२२२ मध्ये पत्रकारांबरोबर त्यांच्याशी संबंधित माणसांचाही उल्लेख आहे, एवढं तरी.

आणि आपल्याकडचं ताजं. पहलगामच्या हल्ल्यानंतर २६ एप्रिल २०२५ ला माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना सांगितलं की लष्करी कारवाईचं थेट प्रक्षेपण करू नका. यावर माझ्या काही मित्रांनी लगेच गळचेपीची ओरड केली. मी त्यात नव्हते. २६/११ ला वाहिन्यांनी कमांडो कुठे उतरतायत ते थेट दाखवलं, आणि २०१२ च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक ताशेरे ओढले. ते शंभर टक्के 'कुठे' होतं, आणि ते दाखवायला नकोच होतं. पण दोन आठवड्यांत, ९ मे २०२५ ला, 'द वायर' हे अख्खं संकेतस्थळ देशात दिसेनासं झालं. अख्खं संकेतस्थळ म्हणजे 'कुठे' नसतं. त्यात जुने लेख, पुस्तक परीक्षणं, सगळंच आलं. १९४२-४३ मधली ती घसरण, चितगाववरून भणसाळींच्या उपोषणापर्यंतची, अशीच झाली होती, थोड्या जास्त वेळात.

आमच्या जिल्ह्यात रणगाड्यांचं प्रशिक्षण केंद्र आहे, के. के. रेंजचा सराव पट्टा आहे. तालुक्याच्या बातमीदाराला लष्कराच्या हद्दीजवळची बातमी करावी लागते: जमीन संपादनाची, सराव पट्ट्यालगतच्या गावांची. रणगाड्याचा फोटो टाकू नये हे त्याला कळतं. पण गावकऱ्याचं जमिनीबद्दलचं म्हणणं छापणं आणि रणगाड्याचा फोटो टाकणं यांत फरक आहे, हे युद्धाच्या वातावरणात समोरच्याला कोण समजावणार? मोठ्या दैनिकाच्या मुंबईतल्या संपादकामागे वकील असतो. मानधनावर काम करणाऱ्या तालुका प्रतिनिधीच्या मागे स्वतःची मोटरसायकल असते.

शेवटचा मुद्दा माझ्या विषयातला, कबूल केल्याप्रमाणे. उगम शोधण्याच्या शास्त्रात स्रोतांचे दोन प्रकार मानतात. जो आपणहून ओळख आणि वेळ कळवतो तो सहकारी स्रोत. जो कळवत नाही तो असहकारी. हा पारिभाषिक शब्द आहे, जगभर चालतो, आणि बहुतेक निबंधांत तो शत्रूचं विमान किंवा बेकायदा ट्रान्समीटर डोळ्यांसमोर ठेवून येतो. मराठीत लिहिताना मात्र हात अडतो. असहकार! गांधीजींनंतर या देशात हा शब्द कुणी कसा कोरड्या मनाने लिहायचा? इंग्रजीत लिहिणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना ही अडचण कधी येत नाही, कारण तिथे तो शब्द इतिहासातून धुऊन निघालाय. काँग्रेस रेडिओ हा आमच्या व्याख्येने नमुनेदार असहकारी स्रोत होता. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात 'उपयोग' या शीर्षकाखाली सगळे जण बचावकार्य, नौकानयन, सुरक्षा असं लिहितात. मी त्यात १९४२ चा एक परिच्छेद घातला: चूक किती होती, तिने काय वाचवलं, आणि आज ती किती उरली आहे. गाईडचं म्हणणं पडलं की हे इतिहास विभागाचं काम आहे, दोन ओळींत आटप. आमची त्यावर तासभर चर्चा झाली. परिच्छेद सध्या सात ओळींचा आहे.